मक्याला काही झालं नव्हतं

मागच्या दारच्या वांग्या-भेंडीवर कुणी प्रकरण लिहितं का, मला ठाऊक नाही. ज्यांनी आठवणी लिहाव्यात अशा माणसांच्या आयुष्यात मोठी माणसं येऊन गेलेली असतात, लांबचे प्रवास असतात, लढे असतात. माझ्याकडे पातूरजवळच्या खेड्यातलं एक घर आहे, त्या घरामागचा जमिनीचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्यावरून माझ्या पोटात पेटलेली आग आहे. एवढ्याशा भांडवलावर वाचणाऱ्याचा वेळ घ्यायचा म्हणजे संकोच वाटतो. त्यात आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. लिहिलेलं बरोबर आहे का, हे विचारायला कुणी नसायचं, आणि आता विचारता येईल अशी माणसं भोवती असली तरी विचारायची सवय लागली नाही ती नाहीच. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

आमचं मागचं आवार म्हणजे तसं काहीच नव्हतं. एका बाजूला बैलांचा कोठा, दुसऱ्या बाजूला न्हाणी, न्हाणीचं पाणी वाहून जाई तिथे कायमचा चिखल, कडेला जळणाच्या तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग. मधोमध कडुनिंब आणि त्याच्याखाली एक सपाट काळा दगड. त्या दगडावर बसून मी दहावीचा अभ्यास केला, बारावीचाही केला. कोंबड्या पायात घोटाळायच्या, पुस्तकावर चढायच्या. मग माय हातात काडी घेऊन यायची आणि त्यांना हाकलत उभी राहायची. कुणी मोठ्यानं बोललं तर म्हणायची, "हळू बोला बाप्पा, विनू अभ्यास करून राहिला." तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मी पान उलटलं की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. हे आवार माझं आहे असं मला कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नव्हती.

मी अमरावतीला बीएस्सीला गेलो आणि त्याच वर्षी गजाननदादाचं लग्न झालं. वैशालीवहिनी आली ती डोंगरातल्या सेमाडोहहून. तिचे वडील जंगल खात्यात. क्वार्टरच्या मागे त्यांनी भाजीपाला लावलेला असायचा. खताचं दुकान गाठायचं तर घाट उतरावा लागे, त्यामुळे झाडाला खायला काय घालायचं ते आजूबाजूलाच शोधायची त्या घराला सवय. हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते एवढंच, की पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा निंबाखाली माझा दगड जागेवर नव्हता. तिथे पालापाचोळ्याचा खड्डा होता, आणि दगड सरकवून त्या खड्ड्याच्या काठाला लावलेला होता.

"वहिनी, इथं दगड होता."

"हाय नं भाऊजी. थ्याच्यावर मी घमेलं ठेवते."

"मी त्याच्यावर अभ्यास करत होतो."

"मंग बसा नं! घमेलं बाजूले करते. पण शेणाचा वास येईल बरं, नाक धरून वाचा लागन."

माय हसली. तिचं ते हसणं आजही मला ऐकू येतं. त्यात वाईट काही नव्हतं, पण त्या वेळी वाटलं, ही दुसऱ्या कुणासोबत मिळून माझ्यावर कधी हसली नव्हती.

वहिनीची रीत अशी होती. आमची काळी माती पावसाळ्यात चिकट गोळा आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तिला उघडं ठेवायचं नाही, हा तिचा पहिला नियम. तिनं उंच वाफे केले, त्यात शेणखत आणि चुलीतली राख मिसळली, आणि वरून सोयाबीनच्या कुटाराचं, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचं, जाड पांघरूण घातलं. फुटलेले, गळके माठ गळ्यापर्यंत मातीत पुरले. त्यात पाणी भरून ठेवायचं, ते हळूहळू पाझरत राहायचं. न्हाणीच्या चिखलात केळी आणि चमकोरा, म्हणजे अळू, लावला. भाजीच्या वड्यांसाठी आम्ही ज्याची पानं पातूरहून विकत आणायचो तो चमकोरा आता आमच्याच सांडपाण्यावर माजला. कडेनं झेंडू, मधे मक्याची रांग. आणि एका जुन्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून ती रोज काठीनं ढवळायची. त्या बेसनावरून एकदा चांगलंच वाजलं.

"काय वं वैशाली," माय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घरात पिठल्याले बेसन पुरत नाई अन तू मातीले चारून राहिली?"

"मूठभरच हाय आत्याबाई. वांगे लागू द्या, मंग बोला."

"अन नाई लागले त?"

"नाई लागले त मले पिठलं देऊ नोका."

"देतच नाई! कोरी भाकर खाजो."

मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, आता माझी वेळ आहे. मी मायला नत्र, स्फुरद, पालाश सांगितलं, जिवाणू सांगितले, बेसनातल्या प्रथिनांचं काय होतं तेही सांगितलं. माय "हो रे बाप्पा, हो," म्हणाली आणि ड्रममधला फेस बघायला वाकली. दोघी एकाच वेळी वाकल्या. वनस्पतिशास्त्र घेऊन शिकणारा घरातला एकुलता एक माणूस मी, आणि माझ्याकडे दोघींच्या पाठी.

वांगी लागली. नुसती लागली असती तरी मी सहन केलं असतं, पण ती पिशवीत भरून मला पाठवली जाऊ लागली. आमच्याकडे शिकायला गेलेल्या पोराला घरचं काही पाठवायचं म्हणजे एसटीच्या कंडक्टरच्या हाती पिशवी द्यायची आणि फोन करून गाडी सांगायची. मी अमरावतीच्या स्टँडवर जाऊन पिशवी सोडवून आणायचो. खोलीतली मुलं झडप घालायची. अचलपूरचा एक जाडा मुलगा होता, तो भेंडी कच्ची खायचा आणि म्हणायचा, "विन्या, तुयी वहिनी देवमाणूस हाय बे. तिले सांग, दुधी बी पाठव." मी स्टोव्हवर भाजी करायचो आणि जेवताना मुद्दाम म्हणायचो, मीठ जरा कमीच आहे. मीठ मीच टाकलेलं असायचं.

मायचा फोन यायचा. "कसा हाय?" हा प्रश्न असायचा, पण माझं उत्तर संपायच्या आत चमकोऱ्याची पानं सुपाएवढी झाल्याची बातमी सुरू व्हायची. मग वालावर मावा आला, वैशालीनं राख भुरभुरली, मावा गेला. शेजारची चंद्रकलाकाकू रोपं मागायला आली. एकदा चाचणीत मी वर्गात पहिला आलो होतो. ते सांगायचं म्हणून मी कोचिंग क्लासच्या गल्लीतल्या गोंगाटापासून लांब, एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो आणि फोन लावला. पण त्या दिवशी बागेत मुंगूस आलं होतं.

आज माझ्या अमरावतीच्या घराच्या गच्चीत कुंड्या आहेत आणि एका बादलीत मी शेण-गूळ-बेसन ढवळतो. खालच्या मजल्यावरचे वासाची तक्रार करतात. बायको म्हणते, "हे तुम्ही गावाकडून शिकून आलात." मी म्हणतो, कॉलेजात शिकलो. अजूनही मी असंच म्हणतो.

आता एका भादव्यातल्या महालक्ष्म्यांकडे, म्हणजे गौरींकडे, येतो. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील, पुरण आणि सोळा भाज्यांची एक भाजी लागते. सोळा प्रकार जमवायचे म्हणजे आदल्या दिवशी पातूरच्या बाजारात अर्धा दिवस जातो. हे काम लहानपणापासून माझं आणि मायचं होतं. दादाला बाजार आवडत नसे. मी पिशवी धरायचो, माय एकेक शेंग दाबून पाहायची, भाजीवालीशी भांडायची, आणि सगळं झाल्यावर मला एक गरम आलूबोंडा घेऊन द्यायची. स्वतः खायची नाही, मी खाताना बघायची. कॉलेजात गेल्यावरही मी महालक्ष्म्यांना सुट्टी काढून येत असे, आणि खरं सांगायचं तर देवीसाठी कमी, त्या बाजारासाठी जास्त.

त्या वर्षी मायनं फोनवर सांगितलं, "यंदा बजारात जायाचं कामच नाई. वैशाली म्हणते, सोळाच्या सोळा भाज्या मांगच्या दारच्या. गावात सांगून बसली थे. तिच्या माहेरचे बी येऊन राहिले." मी "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. दगड गेला, फोन गेला, आता आलूबोंडाही गेला.

मी घरी पोचलो तर पुढच्या घरात कुणी नव्हतं. मागे गेलो. माय, वहिनी आणि चंद्रकलाकाकू वाफ्यांजवळ उभ्या होत्या. बाग मेलेली नव्हती, पण मेलेली बरी अशी झाली होती. भेंडीची पानं अरुंद होऊन बोटांसारखी लांबली होती. टमाट्याचे शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे वळले होते. वांग्यांच्या देठांना गाठी आल्या होत्या. वाल जमिनीवर लोळत होता. वहिनीनं चार-सहा दिवसांपूर्वी निंबोळीचा अर्क फवारला होता, आणि तेव्हापासून हे सुरू झालं होतं.

"तिच्या काढ्यानंच जाळली वं बाग," काकू म्हणाली. "मी म्हनत नोती? कायचंबी सडवून झाडावर टाकते कोनी? आमच्या घरी नेलेले रोपं बी आता भेव लागते ठेवाले."

वहिनीचा हात झेंडूच्या एका वाकड्या फुलावर होता आणि ती त्याच्या पाकळ्या उगाच मोजल्यासारखी करत होती. मायनं एक पिळलेलं पान तोडलं, उलटंपालटं केलं आणि टाकून दिलं.

"राहू दे आता," ती म्हणाली. "लय झालं हे काढे-बिढे. पुढच्या साली इथं तुराट्याच ठेवू. उद्या मी अन विनू पातूरले जातो भाज्या घ्याले."

मी अन विनू. माझं नाव तिनं किती दिवसांनी असं सहज घेतलं होतं! मी काहीच केलेलं नव्हतं, आणि सगळं जिथल्या तिथे परत येत होतं. बाजार, पिशवी, कदाचित दगडसुद्धा. मी हातपाय धुवायला न्हाणीकडे वळलो आणि तिथे मला मका दिसला.

मका हिरवागार होता. पिळलेल्या भेंडीच्या अगदी शेजारी, तिच्यावर सावली टाकत, ताठ. मी थांबलो. कांद्याची पात पाहिली, तीही सरळ. लसूण सरळ. चमकोरा जसाच्या तसा, केळी जशीच्या तशी. भेंडी, टमाटे, वांगी, वाल अशी द्विदल झाडं तेवढी वळली होती, आणि एकदलांना काही झालं नव्हतं. निंबोळीला एकदल-द्विदल कळत नाही. ज्याला कळतं ते तणनाशक आम्ही नुकतंच शिकलो होतो. ते एकदलाला सोडतं आणि द्विदल झाडाला इतकं वाढायला लावतं, की ते स्वतःच्याच वाढीनं पिळून मरतं. प्राध्यापकांनी फळ्यावर असंच वळलेलं पान काढून दाखवलं होतं.

जेवायला बसलो. भाकर, ठेचा, कालची डाळ. वहिनी वाढत होती, तिचे डोळे सुजलेले. मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. मी काही बोललो नाही तर उद्या मी आणि माय बाजारात जाणार होतो. बोललो तर काय होणार, ते मला स्पष्ट दिसत होतं. मी चांगला होतो म्हणून बोललो, असं मला म्हणता येणार नाही. मला उत्तर येत होतं आणि ते उत्तर येणारा त्या घरात मी एकटाच होतो. एवढ्या दिवसांनी असा प्रश्न आला होता, तो सोडून देववत नव्हता.

"दादा, पाठीवरचा पंप मंधात कोणी वापरला होता का?"

"मीच. शेताच्या धुऱ्यावरचं गाजरगवत मारलं. काहून?"

"धुतला होता?"

"इसळला नं."

"साबणानं?"

"पंपाले कोनी साबन लावते का बे? अंगोळ घालू त्याले? उटणं लावू?"

वहिनीचा वाढता हात थांबला. "माया हातातला पंप फुटला म्हून मी थोच घेतला होता," ती हळूच म्हणाली. "मी बी साध्या पान्यानं धुतला."

मी सगळं सांगितलं. मग सगळ्यांना मागे नेलं. "हे पाहा, मक्याले काई झालं नाई. कांद्याले नाई. काढा वाईट असता त सगळेच गेले असते. पंपात गाजरगवत मारायचं औषध राहून गेलं होतं, अन गाजरगवत नावालेच गवत हाय." मायनं मक्याच्या पानावरून हात फिरवला, मग भेंडीच्या पानावरून, मग पुन्हा मक्याच्या. ती वळली ती दादाकडे. दादाला त्या दुपारी जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो उठला, चंद्रकलाकाकूच्या दारात जाऊन मोठ्यानं म्हणाला, "काकू, चूक मायी हाय, हिच्या काढ्याची नाई," आणि परत येऊन पंप सोड्यानं घासायला बसला. मायनं वहिनीची हनुवटी धरली. "रडू नोको वं पोरी. तुया काढ्यात खोट नव्हती. मीच येडी, तुराट्या ठेवतो म्हटलं." वहिनी मायच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी मक्याशेजारी उभा होतो, आणि माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. जसं दिसलं होतं, अगदी तसंच झालं.

पिळलेली झाडं उपटल्यावर वहिनी ती खड्ड्यात टाकायला निघाली. मी म्हटलं, "नको, खतात औषध उतरेल." तिनं मुकाट्यानं ती गावाबाहेर नेऊन टाकायला दादाकडे दिली आणि माझ्याजवळ येऊन थांबली.

"भाऊजी, तुमी आत्याबाईसंगं पातूरले जानार होते नं?"

"हो."

"आता बी जा. भाज्या त लागतीनच." ओल्या डोळ्यांनी ती हसली. तिला कळलं होतं. किती कळलं होतं ते मला माहीत नाही.

पण कोठ्यातून मायचा आवाज आला, "वैशाली, तू बी चाल उद्या. तुले भाज्या समजते." तर आम्ही तिघं गेलो. दोघी पुढे, मी पिशवी घेऊन मागे. परतताना मायनं आलूबोंडा घेतला, कागदावर ठेवून मधोमध मोडला, आणि अर्धा वहिनीला दिला. अर्धा मला. बटाटा तिच्या अर्ध्यात जास्त होता.

सोळा भाज्यांत आमच्या आवारातल्या मका, चमकोरा आणि केळफूल एवढ्याच होत्या. जेवून बायका आणि वहिनीच्या माहेरचे गेल्यावर माय आंबिलीचं भांडं खरवडत बसली होती. मी पानं उचलत होतो.

"विनू, थे मक्याचं तुले कोनी सांगितलं?"

"कॉलेजात. पुस्तकात हाय."

"पोरीइले बी शिकवते का थे?"

"आमच्या वर्गात पोरीच जास्त हायेत."

"हं," ती म्हणाली. मी वाट पाहत राहिलो. मला वाटलं आता ती म्हणेल, हुशार हाय माया पोरगा. ती म्हणाली, "थो कोपऱ्यातला पाट बी उचल."

दसऱ्याला घरात दोन पंप झाले. वहिनीच्या पंपाला मायनं लाल कापड बांधलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि दादाला सांगितलं की याला हात लावलास तर याद राख. बाग परत उभी राहिली. पुढच्या भादव्यात सोळाच्या सोळा भाज्या मागच्या दारच्या झाल्या. मी ते जेवण जेवलो. चांगलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी शिकलो, अमरावतीतच एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागलो, संसारी झालो. सणासुदीला गावी जातो. मधल्या काही वर्षांत घरातल्या दोन गोष्टी मला जरा चमत्कारिक वाटायच्या. वहिनीला चष्मा लागला होता आणि ती बऱ्याच रविवारी अकोल्याला जायची. "डोये दाखवाले," माय सांगायची. मी एकदा म्हटलंसुद्धा, एवढ्या वर्षांत एक चष्मा जमत नाही म्हणजे कसला डॉक्टर? "डोयेच थे," माय म्हणाली, "येळ लागते." दुसरी गोष्ट म्हणजे बियाण्याची कोठी. तिचं झाकण मला कुणी उघडू देत नसे. हवा लागली की बी खराब होतं, असं सांगायचे. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाला ते खरं वाटलं, यावरून काय ते समजावं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी मायचा फोन आला. बागेचं काही न बोलता तिनं विचारलं, "बसून हाय का उभा?"

"उभा. काहून?"

"बस." मी घाबरून बसलो. "वैशाली पास झाली."

"कायची पास?"

"थेच, तुयं होतं तसं. घरी बसून करते थे. शेतीचं. आता थे बी पदवीवाली झाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मी विचारलं, "मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुयं तोंड इवलंसं झालं असतं. पंपाच्या साली, आलूबोंडा मोडला तवा झालं होतं तसं. मी काय आंधळी हाय?" तिकडून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. "पण तू थ्या दिवशी मक्याचं सांगितलं नं, तवाच मी मनात धरलं होतं. तिचे पोरं मोठे झाले अन तिचं नाव घातलं. रविवारी अकोल्याले क्लासाले जाये, पुस्तकं बियाण्याच्या कोठीत ठेवे. आता खरं सांग, जळून राहिला का?"

"थोडंसं," मी म्हटलं.

"जळ. पास झाली त झाली."

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारू की नको ते कळत नव्हतं. शेवटी विचारली. "वहिनी अभ्यास कुठं करत होती?"

"कुठं म्हंजे? तुया दगडावर."

"अन कोंबड्या?"

"मी बसत होती नं हाकलत," माय म्हणाली.